डेऱ्याचे ओझे : हुकूम आणि युक्ती



पुण्यात फरासखाना म्हटले की आज पोलीस ठाणेच डोळ्यांपुढे उभे राहते. बुधवार पेठेतून रोज येजा करणाऱ्या हजारो माणसांपैकी कितीजणांच्या मनात हा शब्द मूळचा पोलिसांचा नव्हे असे येत असेल, कोण जाणे! फरासखाना म्हणजे डेरे, तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे आणि सतरंज्या यांचे कोठार. शिवकालीन राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने सांगितले जातात त्यांत खजिना, तोफखाना, अंबरखाना यांच्या पंक्तीला फरासखाना बसलेला आहे. त्याच यादीत उष्टरखाना म्हणजे उंटांचा कारखाना आहे, आणि पीलखाना म्हणजे हत्तींचाही आहे. हे तिन्ही कारखाने एका यादीत आले हा योगायोग नव्हे. डेरा आला की तो वाहून नेणारे जनावर आले. जनावर आले की त्याच्यावर डेरा चढविणारा माणूस आला. इतिहासाच्या ग्रंथांतून डेऱ्यांची वर्णने पुष्कळ सापडतात. जनावरांची संख्याही सापडते. तो चढविणारा माणूस मात्र क्वचितच भेटतो. आज आम्हांला त्याच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका अगदी घरगुती प्रसंगामुळे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मध्यंतरी मोटारीच्या छतावर बसवावयाचा तंबू घेतला. हल्ली असे तंबू निघाले आहेत. प्रवासात ते घडी करून टपावर पेटीसारखे बसतात, आणि मुक्कामाला पोहोचले की उघडून, शिडी लावून आत झोपावयाचे. म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविणारी वस्तू. या बिऱ्हाडाचे वजन ६० किलो, आणि ते चढवावयाचे जमिनीपासून सहा फूट उंच. भल्या पहाटे हे गृहस्थ अंगणात एकटेच उभे होते. आम्ही मदतीस पुढे झालो, पण त्यांनी आम्हांला हाताने थांबविले. "काका, तुमची पाठ सांभाळा," ते म्हणाले, "हे मला एकट्यालाच जमले पाहिजे. जंगलात उतरवावे लागले तर तिथे मी कोणाला हाक मारणार?"

त्यांनी पुढे काय केले ते आम्ही शेवटी सांगू. पण त्यांचा तो प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. मोठे ओझे वर चढवावयाचे आणि हाताशी जादा माणूस नाही, अशा वेळी काय करावे? मनुष्यजातीने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत. एक हुकुमाचे आणि दुसरे युक्तीचे. हुकुमाचे उत्तर असे की माणसे आणा. युक्तीचे उत्तर असे की आहे तेवढ्या माणसांत भागेल अशी तजवीज करा. डेऱ्यांचा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांच्या झगड्याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम हुकुमाचे उत्तर पाहू, कारण ते मोठ्या थाटाचे आहे. अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त अकबर बादशहाच्या छावणीचे वर्णन केले आहे. त्यात बारगाह नावाच्या प्रचंड मंडपाची हकीकत येते. मोठ्या बारगाहात दहा हजारांवर माणसे मावत. तो उभारावयास एक हजार फर्राशांना यंत्रांच्या साहाय्याने एक आठवडा लागे. एका छावणीचे सामान हलवावयास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० ओझेवाले लागत. बरोबर ५०० स्वार असत. त्यांखेरीज १००० फर्राश, ५०० बेलदार, १०० पखालजी, ५० सुतार, तंबू शिवणारे व मशालजी, चामड्याचे काम करणारे ३० आणि झाडणारे १५० असा लवाजमा असे. अबुल फजल हे आकडे अभिमानाने देतो, आणि त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे. चालते नगर उठवून दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे बसविणे, प्रत्येकाला आपली जागा अंधारातही सापडावी इतकी त्याची मांडणी ठरलेली असणे, ही सामान्य व्यवस्था नव्हे.

पुढे १६६४ च्या अखेरीस औरंगजेब काश्मीरकडे निघाला तेव्हा बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या प्रवासात होता. त्याने पेशखान्याची पद्धत वर्णिली आहे. बादशहाचे डेरे दुहेरी असत. एका संचात बादशहाचा मुक्काम असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राही. आपण ज्याला 'आगाऊ तयारी' म्हणतो तिचा हा बादशाही नमुना. या एका पेशखान्याला ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत, असे बर्निये सांगतो. पण त्याच्या वर्णनातील खरी मौज पुढेच आहे. मोठाले डेरे आणि जड खांब हत्तींवर, लहान तंबू उंटांवर, सामानसुमान व स्वयंपाकघर खेचरांवर, आणि चिनी मातीची भांडी वगैरे नाजूक जिन्नस माणसांच्या डोक्यावर, अशी वाटणी होती. ओझ्याचा आकार, जनावराची उंची आणि रस्त्याचे धक्के यांचा हिशेब कोणीतरी पिढ्यानपिढ्या केलेला होता. तो करणारा उमराव नव्हता. तो फरासखान्यातला एखादा म्हातारा फर्राश असला पाहिजे. म्हणजे हुकुमाच्या पोटातही युक्ती होतीच; फक्त तिला नाव नव्हते.

ही युक्ती कोणती, ते थोडे उलगडून पाहू. उंट हा उंच प्राणी. त्याच्या पाठीपर्यंत दीडशे किलोचे ओझे उचलावयाचे म्हटले तर चार पैलवान लागतील. पण कोणी ते तसे उचलीत नाही. उंटाला गुडघ्यांवर खाली बसवितात. ओझ्याचे दोन सारखे भाग करून ते दोन्ही बाजूंना टेकवितात, दोरांनी एकमेकांशी बांधतात, आणि मग उंटच ओझ्यासकट उभा राहतो. हत्तीचेही तसेच. म्हणजे ओझे वर न्यावयाचे नाही. वाहन खाली आणावयाचे. उचलण्याचे काम ज्याच्या अंगात बळ आहे त्याने करावयाचे, माणसाने फक्त बांधावयाचे. दोन्ही बाजूंचा तोल मात्र काटेकोर हवा. एक बाजू जड झाली की खोगीर फिरते, जनावराची पाठ सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी ते जनावर कामातून जाते. आपल्याकडचे लमाण बैलांच्या पाठीवर गोण्या लादीत. त्यांचेही सारे कौशल्य या तोलातच होते. दोन गोण्या सारख्या भरणे ही हातांची विद्या होती, तराजूची नव्हे.

जेथे वाहन खाली बसत नाही तेथे दुसरी युक्ती लागते. गाडी गुडघे टेकीत नाही. पण दुचाकी बैलगाडी कलते. बैल सोडून तिचे जू वर उचलले की मागची बाजू जमिनीला लागते. लाकडाच्या ओंडक्याचे एक टोक तिच्यावर चढवून बांधावे आणि मग जू खाली दाबावे. आख हा टेकू, गाडी ही तरफ, आणि ओंडका आपसूक वर येतो. याहून जड ओंडका असला तर गाडीला दोन फळ्या उताराने लावतात. दोराचे एक टोक गाडीला बांधून दोर ओंडक्याखालून घेऊन परत वर आणतात आणि ओढतात. ओंडका स्वतःच चाकासारखा गडगडत वर चढतो. अशा रीतीने ओढल्यास निम्मा भार दोराच्या बांधलेल्या टोकाकडे जातो आणि ओढणाऱ्याच्या हाती निम्माच येतो. वखारीतल्या माणसाला हे कोणी शाळेत शिकविलेले नसते.

शाळेत शिकवावयाचे शास्त्रही फार जुने आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ओझी हलविण्याची पाच साधने सांगितली : रहाटासारखा आस, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. मूळ ग्रीक ग्रंथ बहुतांशी नष्ट झाला. नवव्या शतकात कुस्ता इब्न लूका याने केलेल्या अरबी भाषांतरामुळेच तो संपूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत आला. या साऱ्या साधनांचा नियम एकच आहे. जोर वाचवावयाचा असेल तर अंतर जास्त तोडावे लागते. निसर्ग कोणालाही फुकट काही देत नाही. पण हप्त्याहप्त्याने फेडण्याची सवलत मात्र देतो. आमच्या खेड्यांतली मोट हे याचेच उदाहरण होते. विहिरीतून पाणी वर यावयाचे, पण बैल धावेवरून उताराला जाणार! नाडा आणि सोंदूर खांद्यावर टाकून एकटा शेतकरी दिवसभर मोट हाकू शके, कारण बैलांचे स्वतःचे वजन त्याच्या बाजूने लढत असे. ज्या शेतकऱ्याला जादा गडी परवडत नव्हता त्यानेच ही युक्ती इतकी बारकाईने जपली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता हुकुमाचे उत्तर कोठे हरते ते पाहू. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यानंतर त्याची छावणी वर्षानुवर्षे फिरत राहिली. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगले येथे तिला भेट देऊन गेला. तिचा घेर ३० मैलांचा आणि तिच्यात अडीचशे बाजार, असे तो लिहितो. प्रवाशाच्या आकड्यांत अतिशयोक्ती धरली तरी हे एक शहरच होते. मैदानात हे शहर शोभले. पण १७०२ मध्ये विशाळगड हाती आल्यावर, ऐन पावसाळ्यात, ते सह्याद्रीच्या घाटात सापडले. विशाळगड ते पन्हाळा हे अंतर अवघे ३० मैलांचे. ते तोडावयास बादशाही सैन्याला ३८ दिवस लागले. उंट चिखलात घसरले, हत्ती रुतले, ओढ्यांना पूर आले. जनावर पडले की ओझे माणसाच्या डोक्यावर आले. जेथे वाहन खाली बसते पण पुन्हा उठू शकत नाही, तेथे फरासखान्याची सारी विद्या संपते. राहतो तो डेरा, पाऊस आणि हमाल.

याच्या अगदी उलट चित्र २५ वर्षे आधीचे आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर असता पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा वकील त्यांच्या छावणीत गेला होता. फ्रान्स्वा मार्तँ याच्या रोजनिशीत तिची हकीकत आली आहे. छावणीत थाट नव्हता, बायकांचा लवाजमा नव्हता, अवजड सामान नव्हते. सगळ्या तळात तंबू दोनच. तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि अगदी लहान. एक महाराजांचा आणि दुसरा त्यांच्या प्रधानाचा. अभिषिक्त छत्रपतीचा हा डेरा! येथे ओझे चढविण्याचा प्रश्न युक्तीनेही सोडविलेला नाही आणि हुकुमानेही नाही. ओझेच कमी करून तो मुळात उपटून टाकला आहे. आमच्या मते ही तिसरी आणि सर्वांत अवघड वाट होय. खोगीरभरती टाकून देणे हे खोगीर उचलण्यापेक्षा कठीण असते.

आणखी एक गोष्ट. १६७३ मध्ये महाराजांनी चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. लागेल ते गवत, लाकूड, भाजीपाला बाजारातून विकत घ्यावा, रयतेला काडीचीही तोशीस देऊ नये, असा त्याचा आशय. छावणी आणि गाव यांचे नाते या पत्रात नेमके पकडलेले आहे. छावणी जितकी जड, तितका तिचा भार शेवटी शेजारच्या गावावर पडतो. दोन तंबूंची छावणी आणि रयतेला जपणारे पत्र, ही एकाच विचाराची दोन टोके आहेत.

मराठ्यांनी हा धडा कायम लक्षात ठेवला, असे म्हणता आले असते तर आम्हांला आनंद झाला असता. तसे म्हणता येत नाही. १७६० मध्ये उत्तरेकडे निघालेल्या भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उंची कापडांचे अस्तर लावलेले भव्य डेरे होते. कुटुंबकबिला होता, यात्रेकरूंचा मोठा समुदाय होता. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाला कारणे अनेक आहेत, आणि ती डेऱ्यांच्या माथी मारणे पोरकटपणाचे होईल. परंतु शंभर वर्षांच्या आत दोन तंबूंपासून तेथवर आपण कसे आलो, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारल्याशिवाय राहू नये. इंग्रजांनाही हा मोह सुटला नाही. १८३८ च्या अखेरीस अफगाणिस्तानवर चालून गेलेल्या बंगालच्या फौजेत लढणारे सैनिक सुमारे ९,५००; त्यांच्यामागे नोकरचाकर आणि बाजारबुणगे ३८,००० आणि उंट ३०,०००!

येथवर आम्ही बादशहांची आणि सेनापतींची गोष्ट सांगितली. आता गावाची सांगावयाची आहे, आणि ती तितकी रंजक नाही.

इंग्रजी अमदानी स्थिरावल्यावर डेऱ्यांचा एक नवा धनी उत्पन्न झाला : थंडीच्या दिवसांत जिल्ह्यात दौरा काढणारा साहेब. तंबू, टेबल, खुर्च्या, पलंग, दप्तराच्या पेट्या, स्वयंपाकाची भांडी असा त्याचा संसार एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जावयाचा. सपाट मुलखात गाड्या धरल्या जात. डोंगरात माणसे धरली जात. याला वेठ किंवा बिगार म्हणत. आपण आज बोलता बोलता 'वेठीस धरले' असे म्हणतो तेव्हा ते खरोखरच धरणे होते याची आपल्याला आठवणही राहिलेली नाही. पेरणी असो की घरात आजारी माणूस असो, बोलावणे आले की निघावयाचे. मजुरी मिळालीच तर नावापुरती. कुमाऊँच्या पहाडात तर गावोगाव कुलींची रजिस्टरे ठेवलेली असत, आणि पाळी आली की ओझे उचलणे भाग असे. वेठ हा इंग्रजांचा शोध नव्हे, ती त्यांच्या आधीपासून होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंग्रजांनी तिला रजिस्टर दिले.

त्या रजिस्टरांचा शेवट कसा झाला तो प्रसंग प्रत्येक भारतीयाला ठाऊक असावा असे आम्हांला वाटते. जानेवारी १९२१ मध्ये, मकरसंक्रांतीला, बागेश्वर येथे शरयू आणि गोमती यांच्या संगमावर उत्तरायणीची जत्रा भरली होती. बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे जमलेल्या हजारो पहाडी लोकांनी यापुढे बिगार करणार नाही अशी शपथ घेतली, आणि गावोगावच्या प्रमुखांनी आपापली कुली-रजिस्टरे नदीत फेकून दिली. शस्त्र उचलले गेले नाही. फक्त ओझे उचलले गेले नाही. ज्या सत्तेला डोंगरात एक मुक्काम पुढे सरकावयास लोकांची डोकी लागत होती, ती सत्ता त्या दिवशी आपल्या पेट्यांपाशी उभी राहिली.

आपल्या महाराष्ट्रात हा भार विशेषेकरून एका समाजावर होता. गावकामगार म्हणून महारांवर जी कामे पिढीजात लादली गेली होती त्यांत निरोप पोहोचविणे, सरकारी माणसांच्या दिमतीला राहणे आणि त्यांचे सामान वाहून नेणे ही कामे होती. मोबदला म्हणून वतनाचा तुटपुंजा जमिनीचा तुकडा आणि गावाकडून मिळेल ते बलुते. वतन या शब्दाला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. परंतु हे वतन म्हणजे दोरी होती. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ती सरकारी गाठीने पक्की झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, आणि पुढेही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. डेरा कोणी चढवावयाचा, या प्रश्नाला शेकडो वर्षे जे एक आयते उत्तर होते, ते कायद्याने काढून घेतले.

आता एक विचार आपल्यापुढे ठेवतो. ज्या देशात कप्पी, तरफ आणि उतार यांचे ज्ञान मोटेपासून मंदिराच्या शिखरापर्यंत सर्वत्र होते, त्या देशात साधे ओझे उचलण्याची साधने इतकी थोडी का सुधारली? आमचे उत्तर असे की, ज्याला ओझे उचलावे लागत होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याला ओझे उचलावे लागत नव्हते. माणूस फुकट मिळत असता कप्पी कोण विकत घेईल? मोटेची युक्ती शेतकऱ्याने जपली, कारण पाठ त्याची होती. साहेबाच्या पेटीला कोणी युक्ती शोधली नाही, कारण पाठ दुसऱ्याची होती. हे कारण एकमेव आहे असा आमचा आग्रह नाही. पण ते विचारात न घेता या देशातल्या श्रमाचा इतिहास लिहिता येणार नाही.

योगायोग पाहा. ज्या १९५८ साली मुंबई राज्यात तो कायदा झाला, त्याच सुमारास इटलीत मोटारीच्या टपावर बसणारे तंबू बाजारात आले. त्यांतील 'माज्जोलिना' या नावाचा, कठीण कवचाचा आणि दांडा फिरवून वर उचलावयाचा प्रकार अजूनही तयार होतो. पुढे पूर्व जर्मनीत ट्राबांट या लहानग्या मोटारीवरही लोकांनी असे तंबू चढविले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी आमच्या मनात त्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीकडे दुसऱ्याचा डेरा वाहण्याची सक्ती संपली. दुसरीकडे आपला डेरा आपणच चढवून निघणारा सामान्य गृहस्थ जन्माला आला. हत्ती नाही, उंट नाही, फर्राश नाही. मोटार गुडघे टेकीत नाही, आणि वेठीला कोणी येत नाही. आता युक्तीशिवाय गत्यंतर नाही.

तेव्हा आमच्या त्या गृहस्थांकडे परत जाऊ. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिफारस केली की, प्रौढ पुरुष कामगाराला नेहमीच्या कामात ५५ किलोंहून अधिक ओझे हातांनी उचलावयास लावू नये. त्यांची पेटी ६० किलोंची. म्हणजे ती सरळ उचलणे हा पराक्रम नव्हे, अविचार ठरला असता. त्यांनी प्रथम मोटारीचा हातब्रेक ओढला आणि चाकांना दगड लावले. मग सहा फूट उंचीच्या टपाला बारा फुटांच्या दोन फळ्या उताराने टेकविल्या. त्यांवर मेण चोळले. कडेला जुनी वाकळ घातली, म्हणजे मोटारीचा रंग जाऊ नये. दोराचे एक टोक टपावरच्या पलीकडील दांड्याला बांधले. दोर पेटीला अडकविलेल्या कप्पीतून घेतला, पुन्हा पलीकडच्या दांड्यावरील दुसऱ्या कप्पीतून काढला, आणि त्याचे मोकळे टोक घेऊन ते मोटारीच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभे राहिले.

पेटी प्रथम जमिनीवरून उचललीच नाही. एक टोक वर करून फळ्यांवर टेकविले, म्हणजे निम्मेच वजन हाती आले. मग दुसरे टोक ढकलले. पुढचा हिशेब कोणालाही करता येईल. उताराची लांबी उंचीच्या दुप्पट, म्हणून ६० चे ३० झाले. सरकत्या कप्पीने ३० चे १५ केले. घर्षणाने आपला कर वसूल केला, तरी ओढावा लागणारा जोर २५ किलोंच्या आसपासच राहिला. सहा फूट चढण्यासाठी त्यांना चोवीस फूट दोर ओढावा लागला. दर हाताला ते दोराचा एक वेढा दांड्याला देत, म्हणजे थांबले तरी पेटी मागे घसरू नये. आम्ही पाहत होतो. कोठे घाई नव्हती की आरडाओरडा नव्हता. पेटीचा अर्ध्याहून अधिक भाग कडेच्या आत गेला आणि ती एखाद्या शहाण्या जनावरासारखी आपण होऊन टपावर आडवी झाली. बोल्ट आवळावयास तेवढा वेळ लागला. बारगाह उभारावयास हजार फर्राशांना एक आठवडा लागे. येथे एका माणसाला एक तासही लागला नाही. अर्थात बारगाहात दहा हजार माणसे बसत, आणि येथे दोघे झोपणार. परंतु ते दोघे कोणाच्याही पाठीवरून तेथे पोहोचलेले नव्हते.

शेवटी एक इशारा देऊन आम्ही थांबतो. युक्तीचे राज्य आले आणि ओझे संपले, असे समजण्याचे कारण नाही. 'बिगारी' हा शब्द अजून आपल्या बांधकामांवर रोज ऐकू येतो. त्याचा अर्थ पालटला. बिगारी आज मजुरी घेतो. पण घमेले अजून डोक्यावरच आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याला संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. तरी जेथे जेथे आपण 'दोन माणसे बोलवा' असे सहज म्हणतो, तेथे एक क्षण थांबून विचारावे : येथे खरोखर माणसे कमी आहेत, की युक्ती कमी आहे? की ओझेच जास्त आहे?

फरासखान्यावरून जाताना हा प्रश्न आपल्यापैकी काहींना आठवला तरी आजचे व्याख्यान वाया गेले नाही असे आम्ही समजू. त्या कोठारातले डेरे केव्हाच नाहीसे झाले. ते उंटावर बांधणाऱ्या हातांची नावे तर दप्तरातही उतरली नाहीत. निदान त्या हातांना काय ठाऊक होते, तेवढे आपण विसरू नये.